'फुकटचं खाऊन': तासगावच्या सरांना उत्तर

सर, (निवृत्त शिक्षक असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून सर.)

इथल्या-तिथल्या दवाखान्यांवरच्या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इंग्लंडात पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी मी अकरा महिने ताटकळले, मिरजेत आईचा मोडलेला खुबा दुसऱ्या दिवशी बसला, तरी मी गोडवे तिकडचेच गाते. 'फुकटचं खायचं आणि घरच्यांना नावं ठेवायची.'

'फुकट' हा शब्द लेखात मीच वापरला होता आणि तो चुकला. व्हिसा काढतानाच आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी 2024 मध्ये तो मोठ्या माणसामागे वर्षाला 624 पौंडांवरून 1,035 झाला. आम्ही दोघांचे तीन वर्षांचे 6,210 पौंड एकरकमी मोजले. पगारातून कर जातो तो वेगळाच. म्हणजे मी आगाऊ पैसे भरून रांगेत उभी राहिले.

रांगेबद्दल मात्र तुमचं सोळा आणे खरं. 18 आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत, हे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला, एनएचएसला, सरकारनं ठरवून दिलेलं उद्दिष्ट. 2016 पासून ते पाळणं त्यांना जमलेलं नाही. मधल्या काळात दोनदा रात्री कळ आली, दोन्ही वेळा इमर्जन्सीतल्या खुर्चीवर पोट धरून उजाडलं. वैतागून खाजगीत चौकशी केली, तर सर्जन तेच, ज्यांच्या सरकारी यादीत माझं नाव होतं! पैसे भरले तर तारीख पुढच्याच आठवड्यातली. हसावं की रडावं कळेना.

आणि मिरजेला मी कशाला नावं ठेवीन? डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये तिथे मिशनचा दवाखाना काढला, तेव्हापासून विजापूर-बेळगावकडची माणसंही पेशंट घेऊन मिरज गाठतात. आईचं ऑपरेशन झकास झालं. आता ती गणपतीच्या देवळात काठीशिवाय जाऊन येते.

मी लिहिलं होतं ते रात्री साडेदहाच्या काउंटरबद्दल. आधी 'डिपॉझिट किती भरताय?' मग कॉरिडॉरमध्ये एकानं पावतीच्या पाठीमागं दोन आकडे लिहून दादासमोर धरले. 'बॉल देशी टाकायचा का इंपोर्टेड?' बॉल म्हणजे खुब्यात बसवायचा कृत्रिम गोळा. आत आई कण्हतेय. दादा द्राक्षबागायतदार. घडांना जीए, म्हणजे मणी फुगवायचं औषध, किती मारायचं ते झोपेतून उठवून विचारा, सांगेल. बॉलमधलं त्याला काय कळणार? त्यानं महागाचा सांगितला, कारण उद्या पाहुण्यांत कुणी 'आईला स्वस्तातला टाकला' म्हणायला नको. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे, पण हा दवाखाना योजनेत अंगीकृत नव्हता, आणि मोडलेला खुबा घेऊन त्या वेळी दुसरीकडं कुठं फिरणार?

तिकडे मला प्रत्येक जण जन्मतारीख आणि कशाची ॲलर्जी आहे का एवढंच विचारत होता, तेही इतक्यांदा की मी चिडले. काय वापरायचं ते सर्जननं ठरवलं. निघताना मी सवयीनं बिलाचा काउंटर शोधत होते, नर्सला कळेचना मला काय हवंय. यानं अकरा महिन्यांची भरपाई होते असं मी म्हणत नाही, सर. होत नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय, 'स्वतःवर वेळ आली तर कुठे जाल?' गुडघा कुरकुरतोय, तेव्हा लवकरच येईल. मिरजेलाच येईन. फक्त योजनेतल्या दवाखान्यांची यादी आधी बघून, आणि काउंटरवर दादाला न पाठवता.