आजच्या आज, सर

मला तो हॉटकेस नकोच होता. आमच्या घरी हॉटकेस तीन आहेत, त्यातल्या एकाचं झाकण बसत नाही आणि एकात सुई-दोरा असतो. पण भर हॉलमध्ये माझ्या हातातनं खोकं काढून घेत ती पोरगी म्हणाली, "सॉरी ओ सर, गिफ्ट जोडप्यालाच आहे, सिंगलला नाही." ते काही डोक्यातनं जात नाही. माझी मुलगी यंदा दहावीला आहे. आणि मी सिंगल!

झालं होतं इतकंच की टिळकवाडीत पेट्रोल भरताना एकानं कूपन पुढं केलं, मी नाव-नंबर लिहिला आणि दोन दिवसांनी फोन आला की अभिनंदन सर, लकी ड्रॉमध्ये तुमचं नाव निघालंय. रविवारी अकराला एका हॉटेलच्या हॉलमध्ये 'मोफत रिअल इस्टेट गुंतवणूक मार्गदर्शन', नंतर जेवण. मॅडमना घेऊन या, हे तीनदा सांगितलं. मॅडम निपाणीला माहेरी होत्या. मी एकटाच गेलो.

दारातल्या पोरानं आधी "बर्री सर, कूडरी" म्हटलं, माझा चेहरा बघून "आइये सर, बैठिये" केलं आणि मी "नमस्कार" म्हणताच "बसा की ओ सर" वर आला. बेळगावात माणूस काही विकायला उभा राहिला की त्याच्यापुरता भाषावाद मिटलेला असतो. बसल्या बसल्या त्याचा पुढचा प्रश्न, "मिसेस कुठायत?"

हा प्रश्न प्रेमापोटी नसतो. "घरी विचारून सांगतो" ही आपल्याकडची सर्वांत जुनी पळवाट, आणि बायको शेजारी बसली की ती बंद होते. गंमत म्हणजे बायको आलीच नाही असं दिसलं की हेच लोक उलटे फिरतात. तासाभरानं मी ते हुकमी वाक्य टाकलं, तेव्हा पोरगं म्हणालं, "एवढा निर्णय मॅडमना विचारून घेणार होय सर? सरप्राइज द्या की ओ!" म्हणजे बाई हजर तर तिची संमती पाहिजे, गैरहजर तर तिला कळायलाही नको.

हॉलमध्ये घड्याळ नव्हतं, खिडक्यांवर पडदे आणि एसी असा की हुडहुडी भरावी. भाषण झालं. सुवर्णसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इथली इमारत, दहा मिनिटांवर, सांबऱ्याचं विमानतळ दहा मिनिटांवर, रिंग रोड दहा मिनिटांवर. रिंग रोड अजून झालेला नाही, त्यासाठी जमीन द्यायची नाही म्हणून शेतकरी रस्त्यावर उतरलेत. पण तोसुद्धा दहा मिनिटांवर. तीस बाय चाळीसचा प्लॉट, तीन वर्षांत डबल, गॅरंटी. मी पेपरच्या समासात हिशेब केला. तीन वर्षांत डबल म्हणजे चक्रवाढीनं वर्षाला २६ टक्के. एवढं मिळत असेल तर तुम्ही बँकेचं कर्ज काढून सगळे प्लॉट स्वतःलाच का ठेवत नाही, असं विचारलं. पोरगं मनापासून हसलं आणि म्हणालं, "सर, तुम्ही फार अभ्यासू आहात. अभ्यासू माणसं संधी घालवतात."

मग घंटा वाजायला लागल्या. कुणी बुक केलं की घंटा, माईकवर "बी ब्लॉक, प्लॉट नंबर सतरा, टाळ्या!" आणि भिंतीवरच्या नकाशात एक लाल टिकली. पहिली टिकली सफारी घातलेल्या एका गृहस्थांनी घेतली. बायकोसकट उभे राहून त्यांनी हात जोडले. नंतर जेवणाच्या वेळी हेच गृहस्थ माईकची वायर कोपरावर गुंडाळत होते.

आता आक्कांचं सांगतो. खरं म्हणजे त्यांच्यासाठीच लिहायला बसलोय.

आक्का सत्तरीच्या. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, मांडीवर कापडी पिशवी. नातवालाही फॅमिली घेऊन यायला सांगितलं होतं म्हणून तो येळ्ळूरहून आज्जीला गाडीवर बसवून घेऊन आला होता, आणि तिला खुर्चीत टेकवून फोनवर बोलत बाहेर गेला तो गेलाच. माझ्या टेबलाला बाई कमी, त्यांच्या टेबलाला पुरुष कमी. पोरानं सरळ खुर्च्या जोडल्या.

तेवढ्यात मॅनेजर आले. टाय, अत्तर, हातात फॉर्म. आम्हा दोघांकडं बघून त्यांनी नातं ठरवूनच टाकलं. "व्वा! आईंना घेऊन आलात! हेच संस्कार पाहिजेत सर." मी तोंड उघडेपर्यंत ते आक्कांच्या पाया पडले. "आई, पोराला समजवा. अकरा हजार फक्त टोकन आहे."

आक्कांनी मला आपादमस्तक पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, ह्यो माझा कोण? पण म्हातारीला सकाळपासनं कुणी बोलायला मिळालं नसावं.

"घे की रे," आक्का म्हणाल्या. "का बायकूला इचारल्याशिवाय पानीबी पीत न्हाईस?"

"आक्का, अहो मी..."

"लहानपनापास्नं असाच हाय बघा," त्या मॅनेजरना म्हणाल्या. "एक निर्नय घ्याचा न्हाई. चप्पल घ्याला गेला तरी बाजार उठंस्तवर."

मॅनेजरना हे फार आवडलं. त्यांनी दर पंधराशेवरनं चौदाशे केला, "साहेबांना विचारून येतो" म्हणून पडद्यामागं गेले आणि मिशीवर चहाचा फेस घेऊन परत आले. साहेब बाराशेला तयार, पण आजच्या आज. दहा मिनिटांत.

दहा मिनिटं! अहो, आम्ही बेळगावकर. जमिनीचा निकाल लागायला किती वेळ लागतो हे आम्हाला शिकवताय? १९५६ साली राज्यांच्या रेघा मारल्या, १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ साली सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात गेला, तो अजून तिथंच आहे. आजोबा निकालाची वाट बघत गेले, वडील बघत गेले, आणि हा टायवाला मला सही करायला दहा मिनिटं देतो!

मी रेराचा, म्हणजे प्लॉट-फ्लॅटच्या धंद्यावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडच्या नोंदणीचा, नंबर विचारला. "अप्लाय केलाय सर, प्रोसेसमध्ये आहे." आता २०१६ च्या कायद्यात साफ लिहिलंय की पाचशे चौरस मीटरच्या वरचं लेआउट असेल तर नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात करायची नाही, बुकिंगही घ्यायचं नाही, जाहिरातीवर नंबर छापायचा, आणि नोंदवलेला करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांवर एक रुपया घ्यायचा नाही. नंबर असला तर कर्नाटक रेराच्या साइटवर घरबसल्या दिसतो. ह्यांच्या ब्रोशरवर नंबर असायच्या जागी बदक होतं. तळं, तळ्यात तीन बदकं, काठावर परदेशी दिसणारं कुटुंब. एनए, म्हणजे बिगरशेतीचा परवाना? "फाइल डीसी ऑफिसात आहे." म्हणजे कलेक्टरकडं. बुडाची, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची, मंजुरी? "आलीच समजा." ईसी, म्हणजे जमिनीवरच्या बोजाचा दाखला, आणि उतारा? "बुकिंग केलेल्यांना देतो सर." म्हणजे आधी पैसे टाका, मग आम्ही काय विकतोय ते दाखवतो. टोकन परत मिळतं ना, म्हटलं, तर "हंड्रेड पर्सेंट". पावतीच्या मागं मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.

आक्कांनी ब्रोशर हातात घेतलं. चष्मा लावला. उलटं धरलं, सुलटं धरलं.

"ह्यो चिंचेचा झाड कुटला?"

"तो लँडमार्क आहे आई."

"लँडमार्क न्हवं, आमच्या जावंच्या बांधावरला हाय. माज्या लग्नाच्या आदीपास्नं. म्हंजी ह्ये आमच्या शिवारातलं!" त्यांनी बोट फिरवलं. "हितं बासमती हुतंय. आनि ह्ये तळं बरोबर काडलंसा बगा. बळ्ळारी नाल्याचं पानी शिरलं की असंच दिसतंय. बदकं न्हाईत, पर बाकी सगळं असंच."

मी खुशीत मॅनेजरकडं पाहिलं. मला वाटलं, आता टाय सैल होईल, घाम फुटेल. कसलं काय! मॅनेजर खुर्ची ओढून आक्कांच्या समोर बसले. माझा फॉर्म बाजूला सरकला, माझ्या वाटणीचं पाणी आक्कांपुढं गेलं.

"आई, तुमचं शेत किती गुंठे?"

"माजं कुटलं? जावंचं."

"त्या विकणार काय?"

"तिला इचारा की. माजं-तिचं बोलनं न्हाई धा वर्सं झाली. पर दर किती देनार सांगा, मी सांगून बगते."

जिच्याशी बोलणं नाही तिच्या शेताचा सौदा आक्का अर्धा तास करत होत्या. भाव वाढवला, पाडला, चिंचेचं झाड वेगळं धरलं, मध्येच गुळाचा चहा मागवून घेतला. मॅनेजर दोनदा साहेबांना विचारून आले. शेवटी आक्कांना "लँडओनर फॅमिली" म्हणून हॉटकेस मिळाला. तोच. माझ्या हातातनं काढलेला.

मला हसू येत होतं, आणि पलीकडच्या टेबलावर एक निवृत्त गुरुजी फोन पुढं धरून क्यूआर कोड स्कॅन करत होते. हात थरथरत होता, तर पोरगीनं तो धरून नेम लावून दिला. घंटा वाजली. ह्या वेळी टिकली खरी होती. आयुष्यभर पोरांना व्याज शिकवलेला माणूस! पुढं कधी विचारायला गेले तर ऑफिसला कुलूप, आणि पोलिसांत गेले तर "सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा" ऐकणार. आमच्या भागात शंभराच्या बाँडवर घेतलेल्या प्लॉटांचे कागद कपाटात जपून ठेवलेली घरं काही थोडी नाहीत. पिकती शेतं एक तर रस्त्याला जातात, नाही तर बदकांना. मी उठून गुरुजींना रेराचं सांगायला गेलो, तर दोन पोरांनी हसत हसत मला जेवणाच्या रांगेत नेऊन उभं केलं. तिथं कळलं, जेवायचं कूपन फीडबॅक फॉर्मवर मॅनेजरची सही असेल तरच. मॅनेजर आक्कांपाशी.

मी न जेवता निघालो. आक्का बाहेर बसथांब्यावर होत्या. नातू अजून बेपत्ता. बायकांना साध्या बसचा प्रवास इकडं २०२३ पासून फुकट आहे, त्यामुळं त्या निवांत होत्या. "कायतरी घेतलास का रे?" म्हणाल्या. नाही म्हटल्यावर मान हलवली. "बायकूला भितोस."

त्यानंतर फोन सुरू झाले. रोज नवा नंबर, रोज नवी पोरगी, रोज शेवटचे दोन प्लॉट. १९०९ वर तक्रार केली, एक नंबर बंद झाला की दुसरा उगवतो. काल मात्र खुद्द मॅनेजरचा आला. आवाजात साय.

"सर, तुमच्या आईंचा नंबर देता काय? फॉर्मवर राहिलाय."

"त्या माझ्या आई नाहीत ओ."

"असं नका बोलू सर. जमिनीवरनं भांडणं होतातच घरात. आम्ही मिटवून देतो. फक्त पत्ता सांगा, आजच्या आज येतो."

"घरी विचारून सांगतो," मी म्हटलं.

"सर," मॅनेजर कळवळून म्हणाले, "आईच्या बाबतीत तरी बायकोला विचारू नका ओ."