२५२० ‘एकमेव’ नाही, आणि तिच्यात गूढही नाही

२२ डिसेंबर, म्हणजे रामानुजन यांचा जन्मदिवस जवळ आला, की जळगाव-धुळे-नंदुरबारच्या शाळांच्या गटांवर एक मजकूर फिरू लागतो. २५२० ला १ ते १० या सगळ्यांनी भाग जातो, अशी संख्या जगात दुसरी नाही, गणितज्ञ थक्क झाले, ती रामानुजन यांनी शोधली, आणि तिचं रहस्य म्हणजे आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० × वर्षाचे १२ महिने.

भाग जातो, हे खरं.

‘दुसरी नाही’ हे साफ चूक. ५०४० घ्या, ७५६० घ्या. २५२० च्या प्रत्येक पटीला १ ते १० ने भाग जातोच, म्हणजे अशा संख्यांना अंत नाही. २५२० त्यांतली सर्वांत लहान, इतकंच.

थक्क व्हायचं कारणही नाही. हा शाळेतला लसावि (लघुतम सामाईक विभाज्य) आहे. २ चा १० पर्यंत मावणारा सर्वांत मोठा घात ८, ३ चा ९. उरले ५ आणि ७. ८×९×५×७ = २५२०. ६ आणि १० त्यातच येऊन जातात.

दिनदर्शिकेचा गुणाकार बरोबर आहे, पण ३०×१२ म्हणजे ३६०. वर्ष ३६५ दिवसांचं. शिवाय ३६० म्हणजेच ८×९×५, त्याला ७ ने गुणलं की २५२० येणारच. असे योगायोग हवे तितके काढता येतात. १ ते १० चा गुणाकार ३६,२८,८०० होतो आणि सहा आठवड्यांत नेमके तितकेच सेकंद असतात. त्यावरून सहा आठवडे गूढ ठरत नाहीत.

‘रामानुजन यांनी शोधली’ हे वाक्य खान्देशातून पुढे पाठवलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. चाळीसगावजवळच्या पाटण्यात १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापला, त्याचा तो लेख. त्याच भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’त अपूर्णांकांचे छेद समान करताना आधी छेदांना सामाईक अवयवाने भागून घ्या, असं सांगितलं आहे. लसावि काढण्याची युक्ती ती हीच. युक्लिडने तर ती इसवी सनापूर्वीच मांडली होती.

रामानुजन यांचं काम याहून कितीतरी खोल आहे. आपल्याहून लहान कोणत्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या संख्यांवर त्यांनी १९१५ मध्ये मोठा निबंध छापला. २५२० त्यांतलीच: तिला ४८ विभाजक आहेत, आणि तिच्याखाली इतके कुणालाच नाहीत. पण त्यांची यादी ६७४६३२८३८८८०० पर्यंत जाते. या तेरा अंकी संख्येला १ पासून २८ पर्यंत प्रत्येकाने भाग जातो, आणि तिचे एकूण विभाजक १०,०८० आहेत. हे त्यांनी हाताने मांडलं. येत्या २२ डिसेंबरला मुलांना ही संख्या द्या आणि तिचे मूळ अवयव पाडायला सांगा.