चिकन धुण्यावरून 'खवय्या' यांना उत्तर

'खवय्या' यांस,

माझ्या 'चिकन धुऊ नका' या लेखावर तुम्ही लिहिलंय: "आमच्याकडे तीन पिढ्या चिकन नळाखाली धुवूनच शिजवतात, कुणाला काही झालं नाही. परदेशी लेख उतरवायचे, लोकांना घाबरवायचं, आणि हार्मोनच्या इंजेक्शनांवर मात्र मूग गिळून बसायचं!"

'उतरवायचे' हे लागलं. अन्नातल्या जंतूंचा मी रीतसर अभ्यास केलाय, पोटही त्याच कामावर भरतं. मुद्दा खुशाल खोडा, पण चोरीचा आळ घ्यायचा ही कुठली रीत? एक मात्र मान्य: 'चिकन धुऊ नका' हे शीर्षक आपल्याकडे सरसकट लागू पडत नाही. समोर कापून घेतलेल्या कोंबडीला पिसांची खुंटं, रक्ताच्या गुठळ्या, हाडांचा चुरा असतोच.

आता "कुणाला काही झालं नाही". कॅम्पिलोबॅक्टर या कच्च्या चिकनवर आढळणाऱ्या जंतूचे जुलाब सहसा 2 ते 5 दिवसांनी लागतात. रविवारी चिकन, बुधवारी पोट बिघडलं, की खापर मंगळवारच्या पाणीपुरीवर. बरं, रटरटून उकळलेल्या रश्शाचा दोष नसतोच. नळाची धार मांसावर आपटते, तुषार ओट्यावर, घासणीवर, चिरलेल्या काकडीवर उडतात. हे जंतू काहीशे पोटात गेले तरी पुरतात, आणि कोशिंबीर काही कोणी शिजवत नाही. शिवाय कातडीच्या सुरकुत्यांत नि पिसांच्या छिद्रांत बसलेले जंतू धारेने निघतही नाहीत. मीठ-हळद चोळून वास कमी होईल, जंतू राहतात.

आणि घाबरवायचंच असतं, तर जानेवारी 2025 मधली पुण्यातली जीबीएसची (हातपाय लुळे पाडणाऱ्या गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ मी कोंबडीच्या माथी मारली असती. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत हाच कॅम्पिलोबॅक्टर सापडला होता. पण मुख्य संशय पाण्यावर होता, म्हणून तसं लिहिलं नाही.

धुवायचंच तर असं धुवा. कोथिंबीर-काकडी आधी चिरून, झाकून लांब ठेवा. सिंकमध्ये पातेलं ठेवून त्यात आधी पाणी घ्या, नळ बंद करा, मग चिकन हलकेच सोडा. खुंटं पाण्यातच बोटांनी उपटा, पाणी कडेने सावकाश ओता. मग हात साबणाने 20 सेकंद, नंतर सिंक आणि नळाची चावी. चावी हमखास राहते. कच्च्या चिकनच्या हातांनी फिरवायची आणि धुतलेल्या हातांनी पुन्हा तीच!

शिजलं की नाही हे रंगावर ठरवू नका. ब्रॉयलर कोवळा असतो, मांडीच्या हाडाजवळ तो पूर्ण शिजूनही लालसर दिसू शकतो. थर्मामीटर सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसा. 74 अंश सेल्सिअस हवेत. तंदुरी नि कबाबात गडबड इथेच होते: वरून काळं, आत कच्चं.

हार्मोनचं म्हणाल तर ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलो भरतो तो जातीमुळे आणि खाद्यामुळे. हार्मोन हा त्या लेखाचा विषयच नव्हता. लेख पुरता वाचून लिहिलंत, तर पुढचंही उत्तर देईन.