पॉपकॉर्नवाल्या शुभवर्तमानाबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

बंधू, सलाम.

खेळांच्या सिनेमांतल्या नायकाचं बदलणं मी ख्रिस्ती माणसाच्या बदलण्याशी ताडून पाहिलं होतं. त्या लेखाखाली तुम्ही 'एक जुना वाचक' या नावाने प्रतिक्रिया टाकलीत. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं: धावपटू एरिक लिडेलची माहिती चुकली. सिनेमातला खेळाडू स्वतःच्या घामाने बदलतो आणि ख्रिस्ती माणूस कृपेने, त्यामुळे माझी तुलनाच उलटी. शीख आणि मुसलमान नायकांना मी उगाच चर्चमध्ये ओढतो. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: "हे पॉपकॉर्न खात सांगितलेलं शुभवर्तमान आहे, लेखकमहाशय कधी मैदानात उतरलेले दिसत नाहीत."

लिडेलचं आधी मिटवतो. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने 100 मीटरचं सुवर्ण जिंकलं असं मी लिहिलं होतं. साफ चूक. 100 मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी, म्हणजे प्रभूच्या दिवशी होत्या म्हणून तो त्यात उतरलाच नाही. ती शर्यत हॅरल्ड अब्राहम्सने जिंकली. लिडेलचं सुवर्ण 400 मीटरचं, वेळ 47.6 सेकंद. चूक दाखवलीत, आभारी आहे.

पण लेख पटला नाही एवढं सरळ लिहिलं असतंत तरी कळलं असतं मला. 'महाशय' कशाला? आपल्या मंडळीत ही एक खोडच आहे. उपासनेनंतर दारात हात मिळवायचा आणि घरी जाऊन मोबाइलवर टोमणे लिहायचे. आणि पॉपकॉर्नचं म्हणाल, तर धुळ्यात मी ज्या थेटरात सिनेमे पाहिले तिथे शेंगदाणे मिळायचे. पुडीतले.

आता मैदान. माझे वडील एसटीत मेकॅनिक होते. आठवीत असताना त्यांना न सांगता मी शेजारच्या गावच्या जत्रेत कुस्तीला उभा राहिलो. नारळाची कुस्ती, पोराटोरांची. पुकारणाऱ्याने नाव विचारलं, मी सांगितलं. त्याने भोंग्यावरून पुकारलं, "मिशनचा पोऱ्या!" आणि फड हसला. हलगी वाजत होती, पण मला हसणंच ऐकू येत होतं. मिनिटभरसुद्धा टिकलो नाही. चितपट. उजव्या कानात माती गेली ती अजून आठवते, कारण त्यानंतर कुणी काही बोललं की गोणपाटातून बोलल्यासारखं वाटायचं.

उठून पाहतो तर वडील उभे. कुणीतरी त्यांना सांगितलं असणार. वाटलं, आता इथेच मार. त्यांनी गमछाचं टोक पिळून माझा कान पुसला आणि अहिराणीत म्हणाले, "ऊठ रे पोऱ्या, घर चाल. तुनी माय वाट देखी ऱ्हायनी." शब्द तोच, 'पोऱ्या'. भोंग्यावरचा वेगळा होता, हा वेगळा. वाटेत पावशेर गोडीशेव घेतली. हरलेल्याला, न सांगता पळालेल्याला गोडीशेव. तेव्हा, कृपा म्हणजे काय हे मला प्रतिक्रियेतून शिकवू नका, बंधू. मी ती कागदात बांधून घरी आणलेली आहे.

माझा मुद्दा तुम्ही वाचलाच नाहीत असं मला वाटतं. पदकाने माणूस बदलतो असं मी कुठे लिहिलं? मी लिहिलं होतं की या सिनेमांतलं वळण बहुतेक वेळा नावापाशी येतं. 'चक दे इंडिया' (2007) घ्या. मुली एकेक करून स्वतःचं नाव आणि राज्य सांगतात आणि कोच त्यांना बाजूला काढत जातो. एक जण 'इंडिया' म्हणते तेव्हा तो थांबतो. अजून एक गोल झालेला नसतो, पण ती कोण हे ठरलेलं असतं. बायबलमधल्या उत्पत्तीच्या 32व्या अध्यायात याकोब यब्बोक नदीच्या उताराजवळ एका अनोळखी पुरुषाशी रात्रभर झोंबी करतो, त्याचा जांघेचा सांधा निखळतो, आणि त्यानंतर त्याला विचारलं जातं, तुझं नाव काय? इस्राएल हे नाव त्याला मिळतं ते लंगडा झाल्यावर. पहाटे तो लंगडतच निघतो. ही कुस्ती कोण जिंकलं ते तुम्हीच सांगा.

आणि 'रॉकी' (1976) मधला मुष्टियोद्धा? सगळ्यांना वाटतं तो जिंकतो. पंधरा फेऱ्या उभा राहतो आणि गुणांवर हरतो. निकाल पुकारला जात असताना तो त्याच्या प्रेयसीच्या, एड्रियनच्या नावाने ओरडत असतो. घामाने बदलणारा नायक म्हणता ना, मग तो हरल्यावर बदलला की नाही? त्याने घाम गाळला हे खरं, पण घाम तर प्रेषित पौलानेही गाळला. ग्रीसमधल्या करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत. त्या लोकांना लिहिताना पौल शर्यत काढतो, मुष्टियुद्ध काढतो, नाशवंत मुगुट काढतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा 9वा अध्याय उघडून बघा. त्यालाही कुणी लिहिलं असेल का, 'महाशय कधी मैदानात उतरलेले दिसत नाहीत'?

शीख आणि मुसलमान नायकांचं म्हणाल तर मिल्खासिंगांना मी कुठेही ख्रिस्ती म्हटलेलं नाही. यापलीकडे त्यावर बोलण्यासारखं काही नाही. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी तुकोबांकडून शिकलेलं चालतं, भजनं आपण झांजा घेऊन गातो, आणि सिनेमा आला की विटाळ. असो.

लेखाच्या लांबीबद्दलही तुम्ही बोललात. हे उत्तर त्याहून लांबलं, त्याला इलाज नाही.

मूळ लेखात लिडेलची दुरुस्ती केली आहे. खाली 'चूक लक्षात आणून देणारे' असं लिहून जागा मोकळी ठेवली आहे. नाव कळवलंत तर तिथे टाकतो.