वास्तुशांतीला ‘आर्किटेक्ट’ची भेट देताय? आधी ज्याला द्यायची त्याचं घर बघा

मोठ्या वास्तुरचनाकारांच्या आणि डिझायनरांच्या नावावर विकल्या जाणाऱ्या भेटवस्तू दोन प्रकारच्या असतात, आणि दुकानात त्या एकाच फळीवर मांडलेल्या दिसतात. एक म्हणजे त्यांच्या इमारतीचं किंवा खिडकीचं चित्र छापलेला मग, स्कार्फ, कोस्टर. दुसरी म्हणजे त्यांनी स्वतः विचार करून घडवलेली वस्तू: किटली, फुलदाणी, दिवा, घड्याळ. माझं मत स्पष्ट आहे. पैसे दुसऱ्या प्रकारावरच खर्च करा. आणि तेही समोरच्याच्या घरातलं पाणी, शेगडी, भिंत आणि पंखा बघून.

चित्र छापलेल्या वस्तूंना माझा विरोध का, ते अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटच्या उदाहरणावरून सांगतो. इलिनॉयमधल्या रिव्हरसाइड इथे कूनली कुटुंबाच्या प्लेहाउससाठी त्याने 1912 मध्ये खिडक्या केल्या. रंगीत गोळे, छोटे झेंडे, मधे भरपूर कोरी काच. त्या कोऱ्या काचेतून बाहेरची झाडं आणि आभाळ दिसायचं, म्हणून त्या चार रंगीत गोळ्यांना अर्थ होता. तीच नक्षी पांढऱ्या मगवर छापली की मागचं आभाळ गेलं, उजेड गेला, उरले ठिपके. राइटचंच काही द्यायचं असेल तर खिडकीत टांगायची काचेची छोटी चौकट द्या, कारण तिच्यातून निदान उजेड तरी येतो. पण दोन गोष्टी तपासा. रंगीत तुकडे धातूच्या पट्टीत खरोखर बसवलेले आहेत की एकाच काचेवर छापलेत, हे नखाने कळतं: पट्टीच्या कडेला नख अडकलं पाहिजे. दुसरं म्हणजे आपल्याकडे खिडक्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या असतात. काचेला रबरी चूषकाने (सक्शन कपने) टांगलेली चौकट पलीकडचा पल्ला सरकवताना आपटते, आणि पश्चिमेच्या उन्हात चूषक मऊ होऊन गळून पडतो. पडद्याच्या दांडीला साखळीने टांगायची सोय भेटीतच द्या.

आता दिव्याकडे येतो, कारण भेट म्हणून मला सगळ्यात जवळचा तोच वाटतो. शिल्पकार इसामु नोगुची 1951 मध्ये जपानमधल्या गिफू शहरात गेला. तिथे बांबू आणि कागदाचे कंदील बनवण्याचा जुना धंदा. त्यातून त्याने ‘अकारी’ दिवे सुरू केले आणि ते आजही गिफूमध्ये ओझेकी या कारखान्यात हाताने बनतात. लाकडी साच्यावर बांबूची बारीक काडी गुंडाळत नेतात, तिच्यावर तुतीच्या सालीपासून केलेला वाशी कागद पट्ट्यापट्ट्यांनी चिकटवतात, वाळला की साचा आतून सुटा करून काढून घेतात. म्हणून दिवा घडी होऊन चपट्या खोक्यात मावतो. कामट्या आणि पतंगाच्या कागदाचा आकाशकंदील ज्याने घरी बांधलाय त्याला यातली अक्कल लगेच कळेल. परदेशातून येणाऱ्या मुलांना बॅगेतून आणायला याहून सोयीची भेट क्वचितच मिळेल.

गडबड होते ती इथे आल्यावर. अमेरिकेत घेतलेल्या दिव्याची वायर 120 व्होल्टच्या हिशेबाची, प्लग चपट्या पात्यांचा आणि होल्डर आट्यांचा. आपल्या घरात बहुतेक ठिकाणी पिनवाले बल्ब. मग कुणीतरी ॲडॉप्टरवर ॲडॉप्टर चढवतं, बल्ब खाली लोंबतो, दिव्याच्या मधोमध न राहता कागदाजवळ येतो आणि तिथे प्रखर डाग दिसायला लागतो. सरळ उपाय असा: आणताना फक्त कागदी भाग आणि आतली ताणाची तार आणा. वायर, बटण आणि आट्यांचा होल्डर इथल्याच इलेक्ट्रिशियनकडून 230 व्होल्टचा बसवून घ्या. बल्ब 7 ते 9 वॅटचा एलईडी, 2700 केल्व्हिनचा, म्हणजे पिवळसर. आपल्याकडे सवयीने 6500 केल्व्हिनचा पांढराशुभ्र बल्ब लावतात. त्याने वाशीचा ऊबदार रंग मरतो आणि दिवा दवाखान्यातल्यासारखा दिसतो. बल्ब भेटीच्या खोक्यातच ठेवा, म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

उघडताना घाई नको. आधी खालची तार खाचेत, मग वरची, आणि कागद हळूहळू ताणायचा. एका बाजूने ओढला की काडीच्या कडेने कागद फाटतो. जागा निवडताना पंखा विसरू नका. आपल्या खोलीत छताच्या मध्यावर पंखाच असतो, त्यामुळे लोंबता अकारी वाऱ्याने हलत राहतो, आणि पंख्याच्या पात्यांच्या वर दिवा आला तर अख्खी खोली लुकलुकते. टेबलावर किंवा जमिनीवर कोपऱ्यात ठेवायचा नमुनाच घ्या. ओल्या फडक्याने पुसू नका, मऊ ब्रशने धूळ झटका. आणि कोकण, गोवा किंवा समुद्राला लागून असलेल्या घरात हा दिवा देऊच नये असं मी म्हणेन. जून ते सप्टेंबर कागद दमट राहतो, चिकटवलेले जोड सुटतात, बुरशीचे ठिपके पडतात, आणि कसर तर कागदावर टपलेलीच असते. पुणे, नाशिक, सोलापूरकडे बिनधास्त द्या.

किटलीबद्दल थोडं वेगळं सांगायचंय. मायकेल ग्रेव्हज हा पोर्टलंड बिल्डिंगमुळे गाजलेला अमेरिकन आर्किटेक्ट. त्याने 1985 मध्ये आलेस्सी या इटालियन कंपनीसाठी किटली केली: शंकूसारखं स्टीलचं अंग, निळा दांडा, चोचीवर लाल पक्षी, पाणी उकळलं की पक्षी शिट्टी घालतो. मावतं साधारण 2 लिटर. फारच देखणी वस्तू आहे, पण आपल्या चहाची नाही. आपण पातेल्यात आलं, साखर, दूध घालून उकळतो. या किटलीत दूध उकळलं तर चोचीत जळून बसतं आणि तिथे हात जात नाही. म्हणून ती कोरा चहा, ग्रीन टी किंवा गाळून कॉफी करणाऱ्यालाच द्या.

तळ रुंद आहे तो उष्णता पटकन घ्यावी म्हणून, पण मोठ्या बर्नरवर पूर्ण ज्योत ठेवली की ज्वाळा अंगावरून वर चढते आणि दांडा तापतो. ज्योत तळाच्या आतच राहिली पाहिजे. इंडक्शन असेल तर घेण्याआधी तळाला लोहचुंबक लावून बघा, चिकटला तरच घ्या. बोअरचं जड पाणी असेल तर आत पांढरा थर धरतो, शिट्टीच्या भोकातही क्षार साचतात. मग शिट्टी वाजत नाही, पाणी आटून जातं, रिकामी किटली तापते आणि स्टीलवर निळेजांभळे डाग पडतात. महिन्यातून एकदा 1 लिटर पाण्यात 2 मोठे चमचे सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, घालून उकळा, अर्धा तास तसंच ठेवा आणि दोनदा विसळा. पक्षी वेगळा काढून त्याच कोमट पाण्यात बुडवा. आणि ओतण्याआधी पक्षी काढायचा असतो, हे घेणाऱ्याला नक्की सांगा. तो फडक्याने धरूनच काढावा, वाफेने बोटं भाजतात.

फ्रेंच डिझायनर फिलिप स्टार्कचं 1990 चं तीन पायांचं लिंबू पिळायचं यंत्र मात्र मी कुणाला सुचवत नाही. 29 सेंटिमीटर उंच, ओतीव ॲल्युमिनियम, खाली गाळणी नाही. आपल्या कागदी लिंबातल्या बिया सरळ ग्लासात. आंबट रसाने चकाकी उतरते ती वेगळीच. त्याची सोन्याचा मुलामा दिलेली आवृत्ती निघाली तेव्हा तिच्यावर लिंबू पिळू नका अशी सूचनाच होती. शोकेससाठी हवं असेल तर ठीक.

काचेत द्यायचं तर फिनलंडचा आर्किटेक्ट अल्वार आल्टो याची फुलदाणी. फिनलंडमधल्या काच कारखान्याच्या स्पर्धेसाठी 1936 मध्ये काढलेली, पुढच्या वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेली आणि हेलसिंकीतल्या ‘सावॉय’ रेस्टॉरंटमुळे त्या नावाने प्रसिद्ध झालेली. तिचा लाटांसारखा वळणावळणाचा काठ नुसता शोभेचा नाही. प्रत्येक वळणात दोनतीन देठ टेकून उभे राहतात, त्यामुळे मोजक्या फुलांतही मांडणी भरीव दिसते. 16 सेंटिमीटरच्या फुलदाणीत देठ साधारण 25 सेंटिमीटर ठेवा. निशिगंधाची अख्खी काठी घातली की ती एका बाजूला झुकते. शेवंती, जरबेरा छान बसतात. स्वस्त नकलांमध्ये आतल्या अरुंद वळणांशी काच पातळ पडते आणि तडा तिथूनच जातो. काठावरून बोट फिरवा, धार लागली तर परत ठेवा. पाण्याचा पांढरा पट्टा पडला तर 1 भाग व्हिनेगर, 3 भाग कोमट पाणी आणि मूठभर कोरडे तांदूळ घालून हलवत फिरवा, ब्रश न पोचणाऱ्या वळणांतही तांदूळ पोचतात. उकळतं पाणी कधीच ओतू नका.

बजेट कमी असेल तर त्याची पत्नी आइनो आल्टो हिने 1932 मध्ये केलेले गोल गोल कड्यांचे ग्लास घ्या. साच्यात दाबून केलेली साधी काच, कड्यांमुळे काचेतले बारीक दोष लपतात आणि ओल्या हातातही ग्लास निसटत नाही. ताक, सरबत, पन्हं यासाठी उत्तम. गरम चहासाठी नाही.

लहान मुलं असलेल्या घरी चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याचा 1953 चा ‘हँग इट ऑल’ हा भिंतीवरचा अडकवणा द्यावा: पांढऱ्या तारेचा सांगाडा आणि 14 रंगीत लाकडी गोळे. दप्तर, रेनकोट, टोपी सगळं अडकतं, आणि गोळ्यामुळे कापडाला भोक पडत नाही. नकलांमध्ये गोळे नुसते गोंदाने चिकटवलेले असतात, पहिल्या पावसाळ्यात ओल्या रेनकोटाखाली सुटतात. प्रत्येक गोळा पिळून बघा, फिरला तर घेऊ नका. नव्या इमारतींत आतल्या भिंती बहुधा हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या एएसी ब्लॉकच्या असतात, त्यात स्क्रूसाठीचा नेहमीचा छोटा प्लग धरत नाही. त्या ब्लॉकसाठी मिळणारे लांब नायलॉनचे प्लग सोबत द्या.

याच ईम्स जोडप्याने 1958 मध्ये भारत सरकारला अहवाल दिला, ज्यातून पुढे 1961 मध्ये अहमदाबादची एनआयडी, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन, उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सगळ्यात मन लावून लिहिलंय ते आपल्या लोट्याबद्दल: भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, हातात कसा बसतो, ओतताना धार कशी पडते, घासायला कसा आहे. जगभरचे डिझायनर ज्या अहवालाला मान देतात त्यातली ही वस्तू आपल्याकडे अजून हाताने बनते, आणि आपण मात्र भेट द्यायला छापील मग शोधतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथलं मठारकाम बघा: गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने तांब्यावर एकाशेजारी एक ठोके देत जातात. त्याने पत्रा कडक होतो, पातळ पत्र्याचं भांडंही चेपत नाही, आणि प्रत्येक ठोक्यावर उजेड वेगळा पडतो. चांगलं काम ओळखायचं तर ठोक्यांच्या ओळी तळापासून गळ्यापर्यंत सलग फिरल्या आहेत का बघा. गळ्याच्या वळणावर ओळ तुटली असेल तर घाई झालेली असते. लोटा हातात घेऊन पाणी ओतून बघायला लाजू नका. धार काठावरून मागे ओघळता कामा नये.

घेताना लॅकरचं नक्की विचारा. चमक टिकावी म्हणून शोभेच्या तांब्यावर लॅकर, म्हणजे पारदर्शक लेप, मारतात. पिण्याच्या पाण्याचं भांडं बिनलॅकरचं हवं, त्यात फक्त पाणी ठेवायचं. ताक, लिंबूपाणी किंवा काहीही आंबट ठेवायचं असेल तर आतून कल्हई करून घ्या. बिनलॅकरचं भांडं चिंच आणि मिठाने घासून लगेच कोरडं पुसायचं. लॅकरच्या भांड्याला चिंच लावली की थर ठिकठिकाणी उडून ते चट्टेपट्टेदार होतं, मग सगळा लॅकर काढल्याशिवाय इलाज नाही. त्याला फक्त मऊ कोरडं फडकं. यातलं कुठलं भांडं दिलंय, ते चिठ्ठीवर दोन ओळींत लिहून आतच ठेवा.