पॅराशूटला नको तेवढं श्रेय

‘पॅराशूट उघडलं की मंगळावरची अर्धी लढाई जिंकली’ हे मंगळावर यान उतरवण्याबद्दलच्या तुमच्या लेखातलं वाक्य खटकलं. नासाची पर्सिव्हिअरन्स ही यंत्रगाडी घेऊन जाणारं यान २०२१ मध्ये उतरलं तेव्हा ताशी साधारण १९,५०० किमी वेगाने वातावरणात शिरलं होतं. त्यातला बहुतेक वेग उष्णतारोधक कवचानेच खाल्ला. पॅराशूट उघडलं तेव्हा वेग ताशी १,५०० किमीच्या आसपास आला होता. आणि साडेएकवीस मीटर व्यासाचं ते धूड असूनही शेवटी ताशी तीनशेच्या वर वेग उरलाच, कारण तिथली हवा आपल्या हवेच्या जेमतेम एक टक्का दाट. पुढचं सगळं रॉकेटांच्या जिवावर!

त्यापेक्षा स्काय क्रेनवर, म्हणजे गाडीला दोरांवरून खाली सोडणाऱ्या रॉकेटांच्या सांगाड्यावर, लिहायला हवं होतं, ते तुम्ही दोन ओळींत उरकलंत. रबाळे एमआयडीसीत मी वीस वर्षं क्रेनखाली काढली आहेत. शेडमध्ये, वारा नाही, समोर सिग्नल देणारा माणूस, तरी दोन टनांचा जॉब (उचललेला अवजड भाग) झुलायला लागला की सगळे मागे सरतात. मंगळावर तर वरची क्रेनच हवेत तरंगतेय, खाली हजार किलोंची गाडी दोरांवर लोंबतेय, आणि पृथ्वीवरून इशारा पोचायला अकरा मिनिटं. म्हणजे ऑपरेटर नाहीच, सगळं यंत्राने स्वतः ठरवायचं. यंत्राचा हिशोब चुकला तर काय होतं ते २०१६ मध्ये युरोपच्या स्कियापारेली या मंगळयानाने दाखवलं: आपण जमिनीच्याही खाली पोचलो असं समजून त्याने साडेतीन किमीहून अधिक उंचीवरच पॅराशूट सोडून दिलं आणि ते कोसळलं.