‘आरसा’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

महोदय,

जाहिरातींतल्या स्त्री-पुरुषांवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे, की ‘जाहिरात हा समाजाचा आरसा असतो, घरी बसून टीव्ही पाहणाऱ्या बाईंना तो धंदा काय कळणार?’ पल्सर मोटरसायकल बाजारात आल्याचे साल मी २००३ लिहिले होते, ते २००१ हवे. ही चूक मला मान्य आहे आणि लेखात दुरुस्तही केली आहे. मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ‘घरी बसून’ हे शब्द कशासाठी? लेखक पुरुष असता, तर आपण हे लिहिले असते का?

जाहिरातींच्या हिंदी संहिता मराठीत आणण्याचे काम मी अकरा वर्षे केले आहे, त्यामुळे आपला हा आरसा कसा घडवतात ते मी जवळून पाहिले आहे. माझे वडील गिरणीत होते आणि आई परिचारिका. तिची रात्रपाळी असली की चाळीच्या नळावर आम्हा भावंडांचे गणवेश वडील धूत. कॉलर दगडावर पसरून ब्रशने घासायची आणि नीळ फडक्यात बांधून पाण्यात फिरवायची, म्हणजे कपड्यावर डाग पडत नाहीत, हे मला त्यांनी शिकवले. धुण्याच्या पावडरीच्या एका जाहिरातीत ‘आई’च्या जागी ‘बाबा’ घालून पाहू या, असे मी एकदा सुचवले, तेव्हा टेबलाभोवतीचे सगळे हसले आणि ‘माणूस विधुर वाटेल’ असे मला ऐकवण्यात आले. माझे वडील समाजात नव्हते का? मग तुमच्या आरशात ते का दिसले नाहीत?

सर्फ या धुण्याच्या पावडरीच्या जुन्या जाहिरातीतल्या ललिताजींचे आपण कौतुक केले आहे. ते मलाही आहे. पण भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या, ठामपणे बोलणाऱ्या त्या बाईची सारी हुशारी अखेर सर्फच्या पुड्यापाशीच थांबली. पल्सरला ‘डेफिनेटली मेल’ म्हटले गेले. यंत्राला हे पुरुषत्व समाजाने नव्हे, जाहिरातीने दिले. २००५ साली आलेल्या ‘फेअर अँड हँडसम’ या पुरुषांच्या गोरेपणाच्या क्रीमने तर मुलींचे क्रीम चोरून लावणाऱ्या मुलाला लाज वाटावी अशी मांडणी केली. म्हणजे गोरेपणाचा सोस तसाच ठेवायचा आणि लाज मात्र बाईच्या वस्तूची वाटायची. जाहिरात निव्वळ आरसा असती, तर भारतीय जाहिरात मानक परिषदेला, म्हणजे या व्यवसायाच्याच संस्थेला, जून २०२२मध्ये अशा साच्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली नसती. स्वयंपाक करणारी बाई दाखवायला त्यांत मनाई नाही. ते काम फक्त तिचेच, असे सुचवायला आहे.

पुरुषांनीही कपडे धुण्यात वाटा उचलावा असे सांगणाऱ्या एरियलच्या ‘शेअर द लोड’ जाहिरातींबद्दलचा आणि उरलेला मजकूर मी वाचला. त्यात उत्तर द्यावे असे मला काही आढळले नाही. पुन्हा लिहाल तेव्हा लेखावर लिहा. मी घरी बसते की आणखी कोठे, याची उठाठेव तुम्ही करू नये.